साहेब आले की नेट जातं

ज्ञानाला भिंती नसतात.

हे वाक्य आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. खाली संस्थेच्या अध्यक्षांचं नाव आहे. नाव वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत असल्यामुळे लांबून येणाऱ्याला आधी नाव दिसतं, आणि वाक्यापर्यंत जायचं की नाही हे त्याला मग सावकाश ठरवता येतं.

मी तिथे इतिहास शिकवत होतो. वाटूर फाट्यावर उतरून जीपने आत गेलं की आमचं गाव. कॉलेजची जुनी इमारत गावात, बाजाराच्या मागे. नवी इमारत गावाबाहेर माळावर. मध्ये एक ओढा, कापसाची शेतं आणि एक जुना कडुनिंब. इंटरनेट जुन्या इमारतीत आलं होतं, कारण टेलिफोनची तार तिथपर्यंतच होती. कॉम्प्युटरची प्रयोगशाळा नव्या इमारतीत होती, कारण गुळगुळीत फरशी तिथे होती आणि कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं अध्यक्षांनी कुठेतरी ऐकलं होतं. माळावर गावापेक्षा जास्त धूळ असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना सहसा कुणी काही सांगत नसे.

दोन हजार सालानंतरची, भारनियमनाच्या दिवसांतली ही गोष्ट. गावातलं इंटरनेट माळावर कसं न्यायचं यावर बैठक झाली. केबल टाकायची तर ओढा आडवा येत होता, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवरचे शेतकरी अध्यक्षांच्या विरोधी गटाचे होते. तेव्हा हवेतून न्यायचं ठरलं. दोन्ही इमारतींच्या गच्चीवर जेवणाच्या ताटाएवढी एकेक डिश बसवली, एकमेकींकडे तोंड करून. याला बिनतारी पूल म्हणतात. या कामासाठी एक संगणक समिती नेमली आणि तिच्यावर मला घेतलं. इतिहासाच्या माणसाला वेळ असतो असा प्राचार्यांचा समज होता, आणि तो बराचसा खरा होता.

समितीत माझ्याशिवाय कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम होत्या. म्हणजे काम त्या करत आणि समितीत मी होतो. मॅडम रोज परतूरहून काळ्या-पिवळ्या जीपने येत आणि कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि सुट्टी लागली की तो माणूस अस्तित्वातच नाही असं समजायचं. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती येणार होती. प्रयोगशाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालताना दिसलं तर विभागाला मान्यता आणि मॅडमना पूर्णवेळ नेमणूक. नाही दिसलं तर विभाग बंद, आणि मॅडमना परतूरहून निघायचं काही कारणच उरणार नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कीबोर्डवरची धूळ पुसता पुसता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता लागतो. पत्ता म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे. कॉम्प्युटर चालू झाला की तो सगळीकडे हाक मारतो, "मला कुणी पत्ता देतं का?" आमच्याकडे हे पत्ते वाटण्याचं काम जुन्या इमारतीतल्या कपाटावर बसलेला एक डबा करायचा. माळावरच्या कॉम्प्युटरची हाक डिशवरून डिशवर, ओढा ओलांडून, कडुनिंबाच्या शेंड्यावरून गावात जायची, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होत असे. आमच्या संस्थेत इतक्या वेगाने दुसरं काहीच झाल्याचं मला आठवत नाही.

डिश बसवल्या त्या दिवशी सगळं व्यवस्थित चाललं. उद्घाटनाच्या दिवशी चाललं नाही.

उद्घाटनाला अध्यक्ष सकाळीच आले. आधी त्यांच्या केबिनमध्ये चहा झाला. मग सगळे गच्चीवर गेले. डिशला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. खाली प्रयोगशाळेत येऊन साहेबांनी पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. इंटरनेटचं पान उघडायला गेले तर पान सापडत नाही, असा मजकूर आला.

"कुठंय इंटरनेट?" साहेबांनी विचारलं.

"काल संध्याकाळपर्यंत होतं साहेब," मॅडम म्हणाल्या.

"काल मी न्हवतो. मी नसताना असून काय फायदा?"

टाळ्या मात्र ठरल्याप्रमाणे झाल्या. साहेब गेले, मामांनी केबिनला कुलूप लावलं. मामा म्हणजे आमचे शिपाई. वयाने अध्यक्षांपेक्षा मोठे, म्हणून सगळ्यांचे मामा. दुपारी वीज जाऊन परत आली, मॅडमनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केले, आणि इंटरनेट चालू होतं.

हे पुढे तसंच होत राहिलं. साहेब येत, "चाललं का?" म्हणून विचारत, आणि चाललेलं नसे. साहेब गेले की चाले. जुन्या जालन्यातून तंत्रज्ञ बोलावला. त्याचं दुकान एका आडतीच्या वरच्या मजल्यावर होतं आणि त्याच्या पिशवीतल्या सगळ्या वायरींना तुरीचा वास यायचा. त्याला बोलावलं जायचं ते नेट गेल्यावर, आणि तो पोचायचा ते साहेब गेल्यावर. गच्चीवर जाऊन तो डिश बोटभर इकडे फिरवायचा, खाली येऊन बघायचा, आणि नेट चालू असायचं.

"बघा सर. एकदम बराबर," तो म्हणायचा. "बोटभर हलली होती."

पुढच्या वेळी तो तीच डिश बोटभर तिकडे फिरवायचा. त्यानेही नेट चालू व्हायचं. त्याचा आत्मविश्वास प्रत्येक खेपेला वाढत गेला. एकदा त्याने कडुनिंबाला दोष दिला, म्हणून एक फांदी तोडली. एकदा वानरांना दिला, म्हणून मामांना काठी घेऊन गच्चीवर बसवलं. एकदा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, राग मानू नका, पण ते कुंकू सिग्नल खातं." ते कुंकू मामांनी कुणाला न सांगता पुसून टाकलं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा लावलं.

स्टाफरूममध्ये तोपर्यंत सगळ्यांना कारण कळलेलं होतं. साहेबांची गाडी ओढ्यावर आली की नेट जातं. काहीजण खिडकीतून गाडी दिसली की घाईने आपलं पान बंद करत. याचा शास्त्रीय खुलासा कुणाकडे नव्हता, पण त्याची फारशी गरजही कुणाला वाटत नव्हती. मीही हसायचो. माणसाच्या येण्याने यंत्र बंद पडतं हे मी मान्य करणं शक्य नव्हतं, आणि ते डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडत होतं. इतिहास शिकवताना अशा दोन गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवायची सवय लागते.

साहेबांचा खुलासा वेगळा होता. त्यांच्या मते हा कट होता. आधी त्यांचा संशय ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांवर होता. पण ते डिशपर्यंत पोचत नव्हते. मग एक दिवस प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून त्यांनी मॅडमना विचारलं, "मॅडम, मी आलो की तुम्ही काही बटन बंद तर करून राह्यल्या न्हाई ना?"

मॅडम उभ्या राहिल्या. "मी कशाला करीन साहेब?"

"तेच मी इचारून राह्यलो. तुमच्या जागी जालन्याहून दुसरा माणूस पाहून ठिवलाय मी. कमिटी यायच्या आत चाललं तर ठीक."

हे बोलून ते केबिनमध्ये गेले. मॅडम बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं, आणि मला म्हणाल्या, "सर, जरा इकडे या."

मी गेलो. पडद्यावर त्या कॉम्प्युटरचा पत्ता होता.

"तिसरा आकडा बघा."

"शून्य आहे."

"आपल्या डब्याचे सगळे पत्ते एकाने येतात. तिसऱ्या जागी नेहमी एक असतो. आता शून्य आहे."

"म्हणजे पत्ता मिळालेला नाही?"

"मिळालाय ना. मिळाला नसता तर पूल तुटला म्हटलं असतं. पत्ता मिळालाय, फक्त आपण दिलेला नाही. दुसरंच कुणीतरी पत्ते वाटून राह्यलंय."

त्यांनी शेजारचा कॉम्प्युटर पाहिला. शून्य. त्याच्या शेजारचा. शून्य. सगळ्या प्रयोगशाळेचं पत्त्यांनिशी स्थलांतर झालं होतं, आणि कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मात्र मला लगेच समजलं, कारण एका मुलखात दोन दरबार भरले की काय होतं हे मी दरवर्षी शिकवतो. ज्याचं फर्मान आधी पोचतं ते चालतं, आणि आधी पोचतं ते जवळच्याचं. गावातला डबा ओढ्यापलीकडे होता. हा दुसरा जो कोणी होता, तो इथेच, याच इमारतीत होता. तो पत्ते उदारपणे वाटत होता. पुढे कुठे जायचं, ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आम्ही मामांना गाठलं.

"मामा, साहेब आले की तुम्ही काय काय चालू करता?"

"म्या काय करू? म्या काईच करत न्हाई."

"केबिनमध्ये म्हणतोय मी."

"तसं व्हय. कुलूप काढतो, थोरल्या साहेबांच्या, म्हंजी साहेबांच्या वडलांच्या, फोटूला उदबत्ती लावतो, अन् मेन बटन दाबतो. मंग पंखा, लाइट, फोटूवरचा बल्ब, समदं एकदम. अन् तो दोन शिंगांचा डबा."

"कोणता डबा?"

"साहेबांचा पुतण्या आल्ता न्हाई का पुण्याहून, उद्घाटनाच्या टायमाला? साहेबांना येगळं इंटरनेट लावून देल्तं त्यानं. आपल्यासारख्यांच्या लायनीत कशाला बसतील ते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. केबिन उघडली की शिंगांचा डबा चालू, डबा चालू झाला की त्याचं पत्तेवाटप चालू; केबिनला कुलूप लागलं की सगळं बंद आणि गावातला डबा पुन्हा एकटा राजा. म्हणजे स्टाफरूमचा शोध अक्षरशः बरोबर होता. साहेब आले की नेट जात होतं.

"मामा, उद्या साहेब नसताना पाच मिनिटं केबिन उघडा," मी म्हणालो.

मामांनी दोन्ही कान धरले. "बिलकुल न्हाई. साहेबांबिगर केबिन उघडली तर साहेबांना कळतं."

"कसं कळतं?"

"कळतं."

मॅडम म्हणाल्या, "साहेबांनाच सांगू की." मग आम्ही दोघांनी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. साहेब, तुमच्या डब्यामुळे नेट जातं. साहेब, तुम्ही दिलेला पत्ता शून्याचा आहे. कुठूनही सुरुवात केली तरी ते जालन्याहून येणाऱ्या दुसऱ्या माणसापाशीच संपत होतं.

शेवटी इतिहास कामाला आला. मी साहेबांना निरोप पाठवला की संस्थेचा इतिहास लिहायचा विचार आहे, त्यांच्या तोंडून काही ऐकायला मिळालं तर बरं होईल. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वेळ दिला. संस्था निजामाच्या राजवटीत नव्हती, पण इतिहास तिथूनच सुरू झाला. मी समोर बसून लिहीत होतो. मॅडम "वायरिंग तपासायचंय" म्हणून आल्या आणि टेबलाखाली गेल्या. साहेबांनी पाय वर घेतले आणि बोलणं चालू ठेवलं. ते आपल्या आजोबांपर्यंत आले होते तेव्हा टेबलाखालून आवाज आला.

"साहेब, ही वायर चुकीच्या ठिकाणी लावलीय."

साहेब थांबले. "कोणती?"

"बाहेरून येणारी. ती एक नंबरच्या भोकात आहे."

"मंग बराबर आहे. एक नंबरलाच पाहिजे. मीच सांगितलं पोराला. तो तिला त्या निळ्या भोकात घालून राह्यल्ता. म्हणलं, अरे, निळ्याला नंबरच न्हाई. बिगरनंबरच्या जागी अध्यक्षाची वायर लावतो का?"

आता कळलं. अशा डब्याला मागे पाच भोकं असतात. चार एका रांगेत, एक ते चार नंबरांची; ती डब्याने इतरांना द्यायच्या वायरींसाठी. पाचवं निळं, जरा बाजूला, नंबर नसलेलं. बाहेरून येणारी वायर त्यात लावायची. पुतण्या बिचारा बरोबर लावत होता. एक नंबरच्या भोकात बाहेरची वायर घातल्यामुळे साहेबांचा डबा घेण्याऐवजी द्यायला लागला होता, आणि सगळ्या इमारतीला देत होता. मी हे साहेबांना समजावून सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून पुन्हा मिटलं. साहेबांना एक नंबरवरून कोण उठवणार?

टेबलाखालून मॅडम बाहेर आल्या. कपाळाला जाळं लागलं होतं. तो डबा त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

"साहेब, हे बघा. एक, दोन, तीन, चार. ही एका रांगेतली. ही संचालक मंडळाची समजा. निळं वेगळं आहे, एकटंच आहे, रांगेत नाही. त्याला नंबर नाही, कारण त्याच्यासारखं दुसरं नाहीच."

साहेबांनी चष्मा लावला आणि डब्यावर वाकले. त्यांना कशावर तरी वाकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बराच वेळ पाहून ते सरळ झाले.

"म्हंजे इतके दिवस मला संचालकांत बसवलं होतं?"

"तसं झालं होतं साहेब."

"बदला," साहेब म्हणाले. "जल्दी बदला. त्या पोराला काई अक्कल न्हाई."

मॅडमनी वायर काढली आणि निळ्या भोकात घातली. शेजारच्या खोलीत जाऊन सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले. मी कान देऊन बसलो होतो. साहेब आजोबांवरून वडिलांवर आले. मग दारातून मॅडमचा चेहरा दिसला आणि त्यांनी एक बोट वर केलं. साहेबांना वाटलं, ते त्यांच्यासाठी आहे. तसंही ते होतंच. तिसऱ्या जागी एक आला होता.

साहेबांनी आपला लॅपटॉप उघडला. इतके महिने त्याच्यावर नक्षीचं कापड घालून ठेवलं होतं आणि त्यात उद्घाटनाचे फोटो सोडून काही पाहिलं जात नसे. त्यांनी मॅडमना विचारून एक पान उघडायला घेतलं. उघडलं. त्यांनी ते बंद करून पुन्हा उघडलं.

"बघा," ते मला म्हणाले. "जागा बराबर पाहिजे माणसाची. हे लिहा इतिहासात."

मी लिहिलं.

तंत्रज्ञाला आम्ही काही सांगितलं नाही. त्याचा डिश फिरवण्यावर विश्वास बसला होता आणि तो मोडण्याचं आम्हाला काही कारण दिसलं नाही. पुढे तालुक्यातल्या कितीतरी गच्च्यांवर त्याने डिश बोटभर फिरवल्या, आणि त्याचं बरं चाललं.

समिती दिवाळीनंतर आली. तीन प्राध्यापक होते. त्यांना आधी केबिनमध्ये नेलं, चहा झाला, हार झाले, मेन बटण दाबलेलं होतं, डबा शिंगं वर करून बसला होता. मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच कॉम्प्युटरसमोरून फिरत होत्या आणि प्रत्येकाचा तिसरा आकडा पाहत होत्या. समिती आत आली. प्रमुखांनी एका खुर्चीवर बसून शोधण्याच्या पानावर स्वतःचं नाव टाइप केलं. ते सापडलं नाही. त्यांनी पुन्हा, मधलं नाव घालून टाइप केलं. तरीही सापडलं नाही.

"स्पीड जरा कमी दिसतो," प्रमुख म्हणाले.

"हो सर," मॅडम लगेच म्हणाल्या, "स्पीडमुळेच आहे ते."

प्रमुख समाधानाने उठले. अहवालात प्रयोगशाळा उत्तम, इंटरनेट सुरू, स्पीड वाढवावा, असं लिहिलं गेलं. विभागाला मान्यता मिळाली. मॅडमच्या पूर्णवेळ नेमणुकीचा आदेश संस्थेने काढला, असं ऑफिसातून कळलं. मॅडमनी पेढे वाटले, म्हणजे आदेश हातात यायच्या आधीच वाटले. एवढी एकच घाई मी त्यांना करताना पाहिली.

आदेश आला नाही. ऑफिसात विचारलं तर निघालाय म्हणत. प्राचार्यांना विचारलं तर सही झालीय म्हणत. मॅडम तासिका तत्त्वावरच तास घेत राहिल्या, वहीत तास मांडत राहिल्या. आमच्या संस्थेची एक पद्धत होती. नेमणुकीचा आदेश शिपायाबरोबर पाठवायचा नाही. तो साहेब स्वतःच्या हाताने देणार, गुच्छासहित, आणि फोटो निघणार. आणि साहेब निवडणुकीच्या प्रचाराला निघून गेले होते, आष्टीपासून पार पलीकडच्या तालुक्यांपर्यंत.

मॅडमनी अखेर मामांना विचारलं, "मामा, केबिनमध्ये असेल का?"

"हाय ना," मामा म्हणाले. "टेबलावरच हाय. निळ्या पाकिटात. जाताना साहेबांनी माझ्यासमोरच ठेवला."

"मग देता का काढून?"

मामांनी दोन्ही कान धरले.

मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या प्रयोगशाळेत गेल्या. केबिन बंद होती, आणि नेट व्यवस्थित चालू होतं. आता ते केबिन उघडी असतानाही चालत होतं, पण ते पाहायला साहेब नव्हते. साहेब आले ते उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर. कुलूप निघालं, उदबत्ती लागली, मेन बटण दाबलं गेलं. सुट्टीत अस्तित्वात नसलेल्या मॅडम त्यासाठी खास परतूरहून आल्या आणि फोटोत उभ्या राहिल्या.

ज्ञानाला भिंती नसतात हे वाक्य कोरलंय ती भिंत साहेबांच्या केबिनची. आदेश इतके दिवस तिच्या आतल्या बाजूला होता. ती भिंत नऊ इंची आहे.